किटमधलं मॉडेल रॉकेट: जोडायचं कोणत्या क्रमाने, रंगवायचं कधी

शाळांना सुट्टी लागली की आमच्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी घरांमधली रॉकेटं माझ्या गॅरेजमध्ये येऊ लागतात, दवाखान्यात यावीत तशी. आजारही ठरलेले. मोटर धरून ठेवणारं माउंट नळीत अर्ध्यावर अडकलेलं, एक फिन (शेपटाकडचा पंख) हातात आणि दोन जागेवर, रंगाला सुरकुत्या. एका मुलाने तर रॉकेटचं नाकच ग्लूने पक्कं करून आणलं होतं. "काका, ते सारखं निघत होतं." निघायलाच हवं रे बाबा, पॅराशूट तिथूनच बाहेर येतं!

किट वाईट नसतं, सूचनापत्रकही ठीक असतं. पत्रकात 'चिकटवा' असा एक शब्द असतो आणि त्या शब्दाच्या पोटात पाच कामं असतात. ती पाच कामं उलटसुलट झाली की रॉकेट बिघडतं. म्हणून हा लेख जवळजवळ सगळा क्रमाबद्दल आहे.

उदाहरणासाठी एस्टेस कंपनीचं 'अल्फा' घेतलं आहे: लांबी सुमारे 31 सेंमी, नळीचा व्यास 24.8 मिमी, बाल्साच्या (हलक्या, मऊ लाकडाच्या) तीन फिन्स, 12 इंची प्लास्टिकचं पॅराशूट आणि 18 मिमी जाडीची, दारू भरलेली मोटर. बाल्साच्या फिन्स असलेल्या बहुतेक छोट्या किटना हाच क्रम लागू पडतो. 'अल्फा III' आणलं असेल तर त्यात तिन्ही फिन्स प्लास्टिकच्या एकाच तुकड्यात येतात, त्यामुळे फिन्सचे टप्पे वगळा.

वेळ किती? जोडणीला तीन-चार संध्याकाळी, रंगाला त्यानंतर जवळपास आठवडा. त्यातला हाताने करायचा वेळ थोडा, वाळू द्यायचा जास्त. शनिवारी किट आणून रविवारी उडवायचंच असेल तर तयार जोडलेलं रॉकेट मिळतं, सरळ ते आणा.

## आधी टेबल मांडा

नवं पातं घातलेला कटर, स्टीलची पट्टी, टोकदार पेन्सिल, 220, 320 आणि 400 नंबरचे पॉलिश पेपर, पिवळा वूड ग्लू, मास्किंग टेप, वॅक्स पेपर, टूथपिक, कानाच्या काड्या आणि पाण्यात कालवता येणारी लाकडाची लांबी (छिद्रं भरायचा वूड फिलर). पॉलिश पेपर बोटाने नाही, लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळून वापरायचा. बोटाने घासलं की बाल्सात खळगे पडतात.

ग्लूबद्दल दोन शब्द. कागद आणि लाकूड यांच्या जोडाला वूड ग्लू पुरेसा आहे. नीट वाळलेला जोड ओढला तर कागद फाटतो, जोड सुटत नाही. सुपर ग्लू झटपट धरतो खरा, पण तो ठिसूळ. जमिनीवर आपटलं की फिन टचकन तुटून पडते. शिवाय वाकडी बसलेली फिन सरळ करायला तो वेळच देत नाही. आणि गरम ग्लूची बंदूक इथे अजिबात नको: उड्डाणानंतर मोटरची नळी चांगलीच तापते, त्या उष्णतेने तो जोड मऊ पडतो.

पिशवी फोडली की प्रत्येक भाग यादीशी जुळवा आणि सगळं एकदा कोरडं बसवून पाहा. माउंटच्या रिंगा नळीत सहज सरकतात का? नाक आत जातं का? मोटर आणली असेल तर ती माउंटच्या नळीत जाते का? जे आता अडतंय ते ग्लू लावल्यावर दुप्पट अडेल. घट्ट रिंग 320 च्या पेपरने कडेकडेने घासून घ्या.

## टप्पा 1: फिन्सचं काम पहिल्याच संध्याकाळी

पत्रकात माउंट आधी असतं आणि फिन्स मागाहून. ते चिकटवण्यापुरतं बरोबर आहे. पण फिन्सची घासाई आणि लांबी यांना वाळायला रात्र लागते, म्हणून सुरुवात इथूनच.

1. फिन्स बाल्साच्या पातळ फळीतून हाताने मोडून काढू नका. लेझरने कापलेल्या असल्या तरी दोन-तीन ठिकाणी बारीक दुवे शिल्लक असतात, ते कटरने कापा.
2. लाकडाचे रेषे पाहा. ते फिनच्या पुढच्या, म्हणजे हवा कापणाऱ्या कडेला समांतर हवेत. किटमध्ये ते तसेच असतात. पण फिन तुटली आणि तुम्ही दुसऱ्या फळीतून कापली तर हे तुम्हाला सांभाळावं लागेल. आडव्या रेषांची फिन बिस्किटासारखी मोडते.
3. तिन्ही फिन्स एकावर एक ठेवून, चिमटीत धरून कडा एकदम घासा, म्हणजे तिन्ही सारख्या होतात. लेझरची काळी, जळकी कड नळीला चिकटवायच्या बाजूने तरी पूर्ण घासून काढा. काजळीवर ग्लू नीट धरत नाही.
4. आता एकेक फिन घ्या. पुढची कड गोलसर, मागची कड निमुळती. नळीला चिकटणारी कड मात्र सपाट आणि काटकोनात. ती चुकून गोल झाली की जोडाला पृष्ठभागच उरत नाही. ओघात चौथी कडही गोल करून मोकळं होणारे बरेच. म्हणून मी त्या कडेवर आधी पेन्सिलने फुली मारतो.
5. फुली मारलेल्या कडेवर मास्किंग टेपची पट्टी लावा. मग लांबी.

लांबी पाण्यात कालवताना श्रीखंडाइतकी घट्ट नको आणि ताकासारखी पातळ नको. पंगतीला वाढायच्या मठ्ठ्याहून थोडी दाट, ब्रशने ओढता येईल अशी. बाल्साची छिद्रं भरायची आहेत, थर चढवायचा नाही. दोन्ही बाजूंना लागोपाठ लावा. एकच बाजू ओली केली की पातळ बाल्सा पापडासारखा वळतो. पाण्याचा ओलावा थोडा उडाला, बोटाला लागेनासा झाला की फिन्स वॅक्स पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून वर जाड पुस्तक ठेवा.

दुसऱ्या दिवशी 320 ने घासा. जवळजवळ सगळी लांबी निघून जाते, ती फक्त रेषांच्या खाचांत उरते. हे पाहून लोक घाबरतात, 'सगळं वाया गेलं' म्हणून. वाया नाही, तेवढंच हवं होतं. दिव्याखाली तिरकी धरून पाहा. खाचा दिसत असतील तर आणखी एक हात.

सावध: हे काम फिन्स चिकटवल्यानंतर करता येत नाही असं नाही, पण नळी आणि फिनच्या कोपऱ्यात ठोकळा पोचत नाही. मग तिथला बाल्सा खडबडीत राहतो आणि रंगाखालून कायम दिसत राहतो.

## टप्पा 2: नळीवर खुणा

किटमध्ये कागदाची एक पट्टी असते. ती नळीभोवती गुंडाळून तीन फिन्स आणि लाँच लग (उडवायच्या उभ्या काठीवरून सरकणारी बारीक नळी) यांच्या खुणा करायच्या. खुणा झाल्या की त्या नळीच्या लांबीने ओढायच्या, आणि इथे साधी पट्टी घसरते. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात नळी उभी टेकवा. चौकटीची धार हीच पट्टी. तशी ओढलेली रेष नळीच्या अक्षाला समांतर येते. ॲल्युमिनियमचा एल आकाराचा तुकडा असेल तर आणखी सोपं.

प्रत्येक रेषेजवळ बारीक अक्षरात फि, फि, फि, ल असं लिहा. फिन लगच्या रेषेवर चिकटवण्याचा पराक्रम मी पाहिला आहे. (केलाही आहे.)

तपासा: नळीच्या मागच्या तोंडाकडून बघा. तीन फिन्सच्या खुणांमधली अंतरं डोळ्यांना सारखी दिसायला हवीत.

## टप्पा 3: मोटर माउंट तयार करणं

माउंट म्हणजे एक लहान नळी, तिच्यावर स्टीलचा आकडा, तो धरून ठेवणारी पट्टी किंवा रिंग आणि माउंटला रॉकेटच्या नळीच्या मधोमध धरणाऱ्या दोन सेंटरिंग रिंगा. पुढचा वाकलेला दात चिरेत जातो, मागचा दात मोटरला बाहेर पडू देत नाही.

1. पत्रकातल्या अंतरावर खुणा करा, चीर पाडा, आकडा बसवा.
2. पुढची रिंग, मग मागची. मागच्या रिंगेला आकड्यासाठी खाच असते. ती आकड्यावरच यायला हवी.
3. रिंग आणि नळीच्या सांध्यात दोन्ही बाजूंनी ग्लूची बारीक कड द्या. आकड्याला मात्र मागच्या रिंगेजवळ ग्लू लागू देऊ नका.

तपासा: मागचं टोक नखाने वर उचला. आकडा लवचिकपणे उठला आणि परत बसला पाहिजे. उठत नसेल तर मोटर आत जाणार नाही, आणि जोर करून घातलीत तर माउंट चुरगळेल. ग्लू ओला आहे तोवर टूथपिकने मोकळा करा.

रात्रभर वाळू द्या.

## टप्पा 4: माउंट नळीत घालणं

सगळ्यात जास्त रॉकेटं या दहा सेकंदांत जातात.

वूड ग्लूमध्ये पाणी असतं. कोरड्या पुठ्ठ्याची रिंग आणि कोरड्या पुठ्ठ्याची नळी, दोन्ही ते पाणी झटकन शोषतात, पुठ्ठा किंचित फुगतो आणि आधीच घट्ट बसणारी रिंग जागच्या जागी रुतते. माझं पहिलं रॉकेट असंच गेलं. माउंट अर्धं आत गेलं, मी 'सरळ आहे ना' म्हणून बघायला थांबलो. तीन-चार सेकंद थांबलो असेन. त्यानंतर ते ना पुढे गेलं ना मागे आलं. अंगठ्याने दाबलं तर नळीलाच वळी पडली. ते रॉकेट अजून कपाटात आहे, मुलांना दाखवायला.

म्हणून क्रम असा:

1. कोरडं माउंट नळीत घालून, ते पत्रकात सांगितलेल्या खोलीवर आलं की मागच्या टोकाशी पेन्सिलची खूण करा. आकडा दोन फिन्सच्या रेषांच्या मधोमध येईल असा फिरवा आणि नळीच्या कडेवर व माउंटवर समोरासमोर रेघ मारा. आकडा फिनखाली आला तर मोटर काढता-घालताना बोट जात नाही.
2. माउंट बाहेर काढा. पुढची रिंग जिथे थांबणार ते अंतर एका लांब काडीवर मोजून खूण करा.
3. त्या काडीने नळीच्या आत, खुणेच्या किंचित अलीकडे, ग्लूचं एक कडं फिरवा. बारीक कडं, लोंदा नाही. रिंग पुढे जाताना तो ग्लू पुढे ढकलते आणि तिच्यापुढे आपोआप सांधा भरतो.
4. रेघा जुळवा आणि माउंट एका दमात, न थांबता खुणेपर्यंत सारा. वाकडं वाटलं तरी मध्ये थांबू नका. शेवटाला पोचल्यावर रेघा जुळवायला सेकंदभर फिरवता येतं, मध्ये थांबलात तर काहीच येत नाही.
5. नळी माउंटच्या बाजूने खाली करून उभी ठेवा, ग्लू पुढे ओघळून नळीभर पसरू नये म्हणून. वाळल्यावर मागच्या रिंगेच्या सांध्यात बाहेरून एक कड द्या.

मुलगा करणार असेल तर त्याच्याकडून हे कोरडं पाच वेळा करून घ्या. सहाव्यांदा ग्लू लावून.

## टप्पा 5: फिन्स चिकटवणं

दोन वेळा ग्लू लावायची रीत सगळ्यांत बरी. फिनच्या सपाट कडेवरची टेप काढा, ग्लूचा पातळ हात लावा, नळीवरच्या रेषेवर टेकवून लगेच उचला, म्हणजे दोन्हीकडे ग्लू लागतो. पाच-सात मिनिटं थांबा. तो चिकट झाला की फिनवर पुन्हा बारीक रेघ ओढून जागेवर दाबा. आता ती मिनिटभरात धरते आणि हात सोडला तरी पडत नाही. एकाच वेळी भरपूर ग्लू लावून फिन धरून बसणाऱ्यांची फिन हळूहळू कलते, आणि टीव्ही बघता बघता लक्षात येत नाही.

फिन दोन बाजूंनी सरळ हवी. वरून पाहिलं तर रेषेवर, आणि मागून पाहिलं तर नळीच्या केंद्रातून थेट बाहेर निघालेली. पहिली चूक जास्त महाग पडते: तिरकी फिन रॉकेटला भोवऱ्यासारखं फिरवते किंवा एका बाजूला ओढते. दिवाळीतल्या बाणाला काडी जे काम करते तेच इथे फिन्स करतात. काडी वाकडी असली की बाण शेजारच्यांच्या गॅलरीत जातो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

एक फिन बसली की तिला अर्धा तास द्या, मगच दुसरी.

तपासा: तिन्ही बसल्यावर, ग्लू पुरता वाळायच्या आत, नळी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून मागून पाहा. या वेळी चिमूटभर सुधारता येतं.

## टप्पा 6: सांधे आणि लाँच लग

फिन्स रात्रभर वाळल्यावर प्रत्येक सांध्यात, दोन्ही बाजूंनी, ग्लूची रेघ ओढून ओल्या बोटाने एकदाच फिरवा. मजबुती या सांध्यातून येते. पण जाड थर एकदम दिलात तर वाळताना आत बुडबुडे येतात, मध्ये भेग पडते. दोन पातळ थर द्या, मध्ये काही तासांचं अंतर ठेवा.

नळी आडवी ठेवा, ज्या दोन फिन्समध्ये ग्लू लावलाय ती दरी वर करून. उभी ठेवली की ग्लू खाली जाऊन थेंब धरतो. एका वेळी एकच दरी; तीन दऱ्या, तीन खेपा. कंटाळवाणं आहे, पर्याय नाही.

लाँच लग म्हणजे शीतपेयाच्या स्ट्रॉसारखी बारीक नळी; उडताना तीच काठीवरून सरकते. 'अल्फा'ला 1/8 इंची काठी लागते. लग तिच्या रेषेवर चिकटवा आणि ग्लू ओला असतानाच काठी आत घालून पाहा: काठी नळीला समांतर आहे ना, फिनला अडत नाही ना, लगच्या तोंडात ग्लू गेला नाही ना. मग काठी लगेच काढा. एकाने ती रात्रभर तशीच ठेवली होती.

## टप्पा 7: शॉक कॉर्ड आणि नाक

शॉक कॉर्ड हे नाक आणि नळी यांना बांधून ठेवणारं इलॅस्टिक. ते कागदाच्या तीन घड्यांच्या तुकड्यात गुंडाळून नळीच्या आत चिकटवतात. चूक दोन ठिकाणी होते. एक, तो तुकडा नळीच्या तोंडाशी लावतात, मग नाकाचा आतला भाग त्यावर अडतो. नाक किती आत जातं ते मोजा आणि त्याहून निदान एक इंच खोल लावा. दोन, नुसता टेकवतात. बोटाने मिनिटभर दाबून धरा आणि कडा इतक्या सपाट करा की आत बोट फिरवलं तर काही टोचू नये. टोचलं तर पॅराशूटही तिथेच अडकेल.

किटमधलं इलॅस्टिक आखूड वाटलं तर बदला. रॉकेटच्या लांबीच्या दोन-तीन पट असावं. आखूड असेल तर नाक बाहेर फेकलं जातं, ताणून परत येतं आणि नळीच्या तोंडावर आपटून खळगा पाडतं.

प्लास्टिकच्या नाकाला साच्याची शिवण असते. ती 220, मग 400 ने घासून काढा. खालच्या कडीत कधी कधी प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो कटरने मोकळा करा.

पॅराशूट आत्ता बांधू नका. ते रंगानंतर. तोवर इलॅस्टिक गुंडाळून नळीत सारून ठेवा.

## टप्पा 8: रंग

आधी झाकायचं काय ते ठरवा. नळीचं पुढचं तोंड कागदाच्या बोळ्याने, मोटरची नळी गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने (हाच धरायचा दांडा होतो), लगची दोन्ही तोंडं टेपच्या कणांनी. नाकाचा आत जाणारा भाग टेपने. त्या भागावर रंग गेला की नाक रुततं.

1. अस्तर. प्रायमरचे दोन हलके हात. वाळल्यावर 400 ने घासा. पहिल्या हातानंतर प्रत्येक खाच आणि ओरखडा उठून दिसतो. तो लांबीने आत्ताच भरा. रंगाने काही झाकलं जात नाही, उलट चकाकी आली की जास्त दिसतं.
2. पांढरा. वरचा रंग पिवळा, केशरी किंवा लाल असेल तर पांढऱ्याशिवाय तो मळकट दिसतो.
3. फिका रंग आधी, गडद नंतर.

कॅन साधारण 20 ते 25 सेंमी दूर धरा. फवारा रॉकेटच्या बाहेर सुरू करून रॉकेटवरून नेऊन पलीकडे बाहेर थांबवा. रॉकेटवर सुरू किंवा बंद केला की तिथेच ओघळ येतो. पहिला हात ठिपक्या-ठिपक्यांचाच दिसायला हवा.

सुरकुत्यांचं कारण जवळजवळ नेहमी वेळ हेच असतं. बऱ्याच कॅनवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: पुढचा हात एका तासाच्या आत द्या, नाही तर 48 तासांनी. त्या मधल्या काळात वरचा पापुद्रा सुकलेला आणि खालचा रंग मऊ असतो; नवीन रंगातलं द्रावक आत शिरतं आणि पापुद्रा उचलला जातो. 'सकाळी एक, संध्याकाळी एक' हा आपला शिस्तशीर बेत नेमका त्या काळात बसतो. तुमच्या कॅनवरचे आकडे वाचा, घड्याळ लावा. आणि अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर, सगळं एकाच जातीचं घ्या.

दमट दिवशी फवारू नका. चकाकीवर दुधी धूसरपणा येतो.

दोन रंगांमध्ये सरळ रेघ हवी असेल तर मास्किंग टेपची कड नखाने दाबा, मग तिच्यावर खालच्याच रंगाचा एक हलका हात द्या. झिरपायचंच असेल तर तो रंग झिरपेल आणि दिसणार नाही. त्यानंतर दुसरा रंग. टेप रंग अजून थोडा ओलसर असताना, स्वतःवरच दुमडत, सावकाश काढा.

तपासा: पुढे जायच्या आधी रॉकेट आपल्या नाकाजवळ धरून हुंगा. रंगाचा वास येत असेल तर तो अजून वाळलेला नाही.

## टप्पा 9: डेकल आणि क्लिअर कोट

पाण्याचे डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून बसवायची चित्रं, चकचकीत पृष्ठभागावरच बसवा. खडबडीतावर खाली हवा राहते आणि चंदेरी डाग दिसतात. कापून पाण्यात वीस-तीस सेकंद. सरकू लागला की कागदासकट जागेवर नेऊन, कागद खालून ओढून घ्या. रॉकेटवर आधी साबणाच्या पाण्याचा एक थेंब लावला तर डेकल सरकवायला वेळ मिळतो. मधून कडेकडे पाणी टिपा, जुन्या धुतलेल्या सुती कापडाने.

एक दिवस वाळू द्या. क्लिअर कोट आधी शिल्लक डेकलवर मारून पाहा, काही क्लिअर डेकलची शाई विरघळवतात. पहिले दोन हात नुसत्या धुक्यासारखे.

## टप्पा 10: पॅराशूट आणि तोल

आता पॅराशूट. दोऱ्या कोपऱ्यांवरच्या चकत्यांमधून ओवा, गाठींवर ग्लूचा थेंब द्या, आणि नाकाच्या कडीला बांधा. सगळ्या दोऱ्या सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर ते एका बाजूला कलतं.

रंग आणि लांबी यांचं वजन बहुतेक फिन्सवर, म्हणजे मागे चढतं. म्हणून झोका देऊन पाहा: वॅडिंग (पॅराशूट भाजू नये म्हणून घालायचा ज्वालारोधक कागद), पॅराशूट आणि न वापरलेली मोटर (ती पेटवणाऱ्या स्टार्टरशिवाय) घालून रॉकेट बोटावर तोला, त्या जागी दोरी बांधून टेपने पक्की करा आणि मोकळ्या जागी दोन-अडीच मीटर दोरीवर डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. शेपटीकडून पुढे गेलं किंवा गडगडलं तर नाकात थोडी माती-क्ले भरा, पुन्हा तोला, पुन्हा फिरवा.

## टप्पा 11: मोटर आणि मैदान

A8-3 वाचायचं असं: A म्हणजे एकूण ताकदीचा गट, प्रत्येक पुढच्या अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट, 8 म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये, 3 म्हणजे जळून झाल्यावर पॅराशूट बाहेर फेकायच्या आधीचे सेकंद. पहिल्या उड्डाणाला A8-3 घ्या. C6-5 ने 'अल्फा' इतकं वर जातं की वारा असेल तर ते शोधायला गाडी काढावी लागते. शेवटचा आकडा 0 असलेली मोटर बहुटप्पी रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते, तिच्यात पॅराशूट फेकणारी दारू नसते. दुकानात ती शेजारीच टांगलेली असते, नीट वाचून घ्या.

उन्हाळ्यात मोटर गाडीच्या डिकीत ठेवू नका. तापण्या-गार होण्याने आतली दारू तडकते आणि मोटर काठीवरच फुटू शकते. भारतात भाच्यासाठी किट न्यायचं असेल तर खुशाल न्या, मोटर मात्र विमानात ना हातातल्या बॅगेत चालते ना चेक-इनमध्ये. आणि तिकडे गेल्यावर बाणातली दारू काढून त्यात भरायची कल्पना कोणी काढली तर ती तिथेच बंद करा.

भरायचा क्रम:

1. ज्वालारोधक वॅडिंगचे चार-पाच चौकोन सैल चुरगळून. टॉयलेट पेपर पेट घेतो, कोरड्या गवतात जळता पडतो.
2. पॅराशूटला टाल्कम पावडर लावून, लांब घडी करून, दोऱ्या सैल गुंडाळून. ते नळीत फुंकरीने सरकायला हवं.
3. नाक. रॉकेट नाकाला धरून उचला: नळी पडता कामा नये, पण हलक्या हिसक्याने सुटली पाहिजे. सैल असेल तर आतल्या भागावर टेपचा एक वेढा, घट्ट असेल तर 400 चा पेपर.
4. मोटर, मग स्टार्टर आणि त्याची प्लास्टिकची बूच. स्टार्टरचं टोक आतल्या दारूला टेकलं पाहिजे, त्याच्या दोन तारा एकमेकींना लागता कामा नयेत. उड्डाण न होण्याचं कारण बहुतेक वेळा या दोनांपैकी एक असतं.

नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांप्रमाणे D पर्यंतच्या मोटरसाठी किमान 15 फूट दूर उभं राहायचं, काठी सरळ उभ्यापासून 30 अंशांपेक्षा जास्त कलवायची नाही, वारा ताशी 20 मैलांपेक्षा जास्त असेल तर उडवायचं नाही. मैदानाची लहान बाजू A साठी 100 फूट, B साठी 200 आणि C साठी 400. काठीखालचं सुकं गवत काढून टाका. स्टार्टर पेटवणाऱ्या कंट्रोलरची किल्ली काठीजवळ जाणाऱ्याच्या खिशात, दुसऱ्या कोणाकडेही नाही. बटण दाबून काही झालं नाही तर किल्ली काढा आणि 60 सेकंद मोजल्याशिवाय जवळ जाऊ नका. मुलं पहिल्या पाच सेकंदांत धावतात, त्यांना हाताला धरून ठेवा.

घरी आल्यावर जळकी मोटर त्याच दिवशी काढा, वाट पाहिलीत तर ती माउंटमध्ये घट्ट धरून बसते. नळीत बोट घालून काजळी पुसा, इलॅस्टिक कुठे भाजलंय का ते बघा, आणि पॅराशूट घडी मोडून बाहेर लोंबतं ठेवा. महिनाभर आत कोंबून ठेवलेलं प्लास्टिक पुढच्या वेळी उघडत नाही, मग ते गुंडाळलेल्या रुमालासारखं रॉकेटच्या मागे फडफडत येतं.